ब्रिटनमध्ये जुनी फेरेट घेतली: गाडी निवडण्यापासून नंबर प्लेट लागेपर्यंत

चिलखती गाडी खासगी माणसाला विकत घेता येते का, असं विचारणारे बरेच भेटतात. ब्रिटनमध्ये येते, रीतसर कायद्याने, आणि साध्या नव्या मोटारीच्या किमतीत. पण जाहिरातीतला फोटो एकीकडे आणि विमा उतरवलेली, नंबर लागलेली, रस्त्यावर चालणारी गाडी दुसरीकडे, यांच्यामध्ये साधारण वर्षभराचं काम असतं. इंग्लंडच्या मध्यभागात, मिडलंड्समध्ये नोकरी करणाऱ्या आम्ही चौघांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये शोध सुरू केला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये फेरेट, म्हणजे दोन माणसांची जुनी ब्रिटिश टेहळणीची चिलखती गाडी, रस्त्यावर आणली. भारतातून इकडे आलेल्या माणसाला परवान्यापासून अडचणी येतात, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतोय.

ऑक्टोबर ते डिसेंबर २०२२: कोणती गाडी?

गाडी कोणत्या कामासाठी बनवली होती, त्यावर तिचं वजन, चिलखत आणि इंजिन ठरतं, आणि पुढे तुमचा खर्चही. त्यामुळे प्रकार नीट समजून घ्यायला दिलेला वेळ वाया जात नाही. भारतात असाल तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम आधी बघून या. चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने १९९४ मध्ये ते उभं केलं. तिथे व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, विजयंता आणि पॅटन हे रणगाडे एकाच आवारात आहेत, शिवाय पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स-रॉइसची चिलखती मोटारही. एकमेकांशेजारी उभ्या पाहिल्या की आकारमानाचा जो अंदाज येतो, तो फोटोंतून कधीच येत नाही.

रणगाडा म्हणजे समोरासमोर लढायला बनवलेली, पट्ट्यांवर चालणारी, पूर्ण फिरणाऱ्या बुरुजात मोठी तोफ असलेली गाडी. सेंच्युरियन सुमारे ५० टनांचा. त्याचं मिटिओर इंजिन २७ लिटरचं, पेट्रोलवर चालणारं आणि ६५० अश्वशक्तीचं. ब्रिटनमध्ये खासगी मालकांकडे सेंच्युरियन आणि चीफटन आहेत, पण ते हलवायचे तर दर वेळी अवजड लो-लोडर (गाड्या वाहून नेणारा बुटका ट्रेलर) लागतो आणि एक पट्टा उतरवायचा तरी माणसं आणि क्रेन हाताशी हवी. पहिली गाडी म्हणून हा विचार सोडून द्यावा.

सैनिकांची ने-आण करणाऱ्या गाड्यांमध्ये सगळ्यात सहज मिळते ती एफव्ही ४३२. १९६० च्या दशकातली, पट्ट्यांची, १५ टनांची, २.८ मीटर रुंद. आत चालक आणि कमांडर सोडून दहा जण बसतात. तिचं रोल्स-रॉइस के-६० इंजिन दोन-स्ट्रोकचं असून एकाच सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर चालतात. दुरुस्तीला अनुभवी हातच लागतो. अॅबट ही याच घराण्यातली. फिरता बुरूज आणि लांब नळी पाहून ती लोकांना रणगाडा वाटते, पण प्रत्यक्षात ती पट्ट्यांवर स्वतः चालत जाणारी १०५ मिलिमीटरची तोफ आहे. लांबून, डोंगराआडून मारा करणारी, म्हणून चिलखत जेमतेम १० ते १२ मिलिमीटर. हिचीच किंमत उतरवण्यासाठी साधी केलेली आवृत्ती भारतीय तोफखान्याने वापरली. सैनिकांना नेऊन वर स्वतःही लढणारी गाडी हा आणखी वेगळा प्रकार. आपल्याकडे मेदकला बनलेली सारथ, म्हणजे बीएमपी-२, हे त्याचं उदाहरण.

सीव्हीआर(टी), म्हणजे ब्रिटिश सेनेच्या टेहळणीच्या हलक्या, पट्ट्यांच्या गाड्यांचं घराणं, दिसायला सगळ्यात मोहक: स्कॉर्पियन, सिमिटार, स्पार्टन, सुलतान, समॅरिटन. आठ टनांच्या आसपास वजन, रुंदी सव्वादोन मीटर, मूळ इंजिन जॅग्वारचं ४.२ लिटरचं. चिलखत अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं आहे आणि तिथेच सांभाळायला हवं. जुन्या गाड्यांत या धातूला ताणामुळे आणि गंजामुळे बारीक चिरा जातात. झरोक्यांच्या कडा, वेल्डिंगच्या रेषा आणि टॉर्शन बारच्या (स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यांच्या) जागा बॅटरी लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. वर रंगाचा जाड थर असेल तर तो का दिलाय ते विचारा.

चाकांवरच्या गाड्यांमध्ये सहा चाकी सॅरासेन सैनिकांच्या वाहतुकीसाठी आणि तिची बहीण सॅलॅडिन ७६ मिलिमीटर तोफ घेऊन टेहळणीसाठी. दोन्ही दहा टनांच्या पुढे. रशियन बीआरडीएम-२ सात टनांची, पोटाखाली चार छोटी चाकं आत-बाहेर होणारी. यांत्रिकदृष्ट्या फार सुरेख कल्पना, पण सुटे भाग मिळवताना नाकी नऊ येतात.

आणि मग फेरेट. डेमलर कंपनीने १९५२ ते १९७१ या काळात चार हजारांहून जास्त बनवल्या. दोघांची, चारचाकी, टेहळणीची गाडी. लांबी ३.८ मीटर, रुंदी १.९ मीटर, म्हणजे शेतावरच्या साध्या शेडमध्ये आरामात मावते. लढाईच्या साहित्यासह वजन ४.४ टन. चिलखत ६ ते १६ मिलिमीटर, म्हणजे बंदुकीच्या गोळ्या आणि बॉम्बच्या ठिकऱ्या अडवण्याइतकं. भारतीय सेनेनेही ही गाडी वापरली आहे. मार्क १ उघड्या टपाची, मार्क २ वर लहान बुरूज आणि त्यात ०.३० ची ब्राउनिंग मशिनगन. रोल्स-रॉइस बी-६० हे सहा सिलिंडरचं, ४.२६ लिटरचं पेट्रोल इंजिन सरळसाधं आहे आणि भाग अजून मिळतात.

त्या हिवाळ्यात आम्ही पाहिलेल्या जाहिरातींत फेरेट १२ ते २२ हजार पौंडांना होत्या, चालू स्थितीतल्या एफव्ही ४३२ १५ ते २५ हजारांना आणि सीव्हीआर(टी) मधल्या बहुतेक ३० हजारांच्या वर. किमती जवळजवळ असल्या तरी सांभाळण्याचा खर्च मुळीच जवळजवळ नसतो. पट्ट्यांवरच्या गाडीला रबरी पॅड, पिना, रोलर हे कायमचं मागे लागतं, आणि रस्त्यावर रबरी पॅडशिवाय चालवता येत नाही. माझं स्पष्ट मत: पहिली गाडी चाकांचीच घ्यावी, आणि तोफ बघून निवडू नये. कायद्याने काय चालवता येईल, कुठे ठेवता येईल आणि तिचं इंजिन कोण उघडू शकेल, या तीन प्रश्नांनी निवडावी.

जानेवारी ते मार्च २०२३: परवाना

आपल्या लोकांचं घोडं इथे अडतं. भारतीय परवान्यावर इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच मोटार चालवता येते. नंतर इथली परीक्षा द्यावी लागते आणि १ जानेवारी १९९७ नंतर परीक्षा दिलेल्याला मिळतो तो बी वर्ग, म्हणजे ३,५०० किलोपर्यंतच. फेरेट रिकामी केली तरी त्याच्या वर जाते. तिला सी-१ वर्ग लागतो, जो ७,५०० किलोपर्यंत चालतो. १९९७ च्या आधी मोटारीची परीक्षा दिलेल्या जुन्या ब्रिटिश मंडळींना सी-१ आपोआप मिळालेला असतो, त्यामुळे जुन्या लष्करी गाड्यांच्या क्लबातल्या ज्येष्ठांना हा प्रश्नच माहीत नसतो. त्यांच्या सांगण्यावर विसंबून राहू नका. पट्ट्यांच्या गाडीला वेगळा एच वर्ग लागतो.

डी-२ हा अर्ज आणि डी-४ हा वैद्यकीय तपासणीचा फॉर्म, दोन्ही एकत्र पाठवायचे. शिकाऊ परवान्याला फी नाही, पण तपासणीचे पैसे डॉक्टर घेतो. आमचे प्रत्येकी ७५ पौंड गेले. चष्मा असेल तर नंबराचा कागद सोबत न्या, नाहीतर डोळ्यांचा भाग भरायला पुन्हा चष्मेवाल्याकडे जावं लागतं. लेखी परीक्षेचे दोन भाग: १०० प्रश्न, त्यात ८५ बरोबर हवेत, फी २६ पौंड, आणि चित्रफितींवरची धोका ओळखण्याची परीक्षा, १०० पैकी ६७, फी ११ पौंड. नंतर प्रत्यक्ष चाचणी. त्यातला रिव्हर्स घेण्याचा भाग आवारात होतो, ४० पौंड. रस्त्यावरचा भाग ११५ पौंड. पोटासाठी ट्रक चालवणाऱ्यांना लागणारे व्यावसायिक पात्रतेचे जादा पेपर छंदासाठी चालवणाऱ्याला लागत नाहीत. प्रशिक्षण संस्था ते सरसकट पॅकेजमध्ये घालतात, तेव्हा आधीच स्पष्ट सांगा. चाचणी सहसा साडेसात टनी ट्रकवर होते. शिकवणी आणि ट्रकचं भाडं धरून एका माणसाला हजार पौंडांच्या पुढे जातं, म्हणून चौघांपैकी दोघांनीच परवाना काढला. तारीख मिळायला आठवडे लागतात. अर्ज गाडी शोधण्याच्या आधी टाकावा तो याचसाठी.

मार्च २०२३: गाडी बघायला जाताना

विकणाऱ्याला फोनवर एकच विनंती करा: आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गार इंजिन कसं सुरू होतं, सुरुवातीला धूर किती आणि कोणत्या रंगाचा, तेलाचा दाब किती लवकर चढतो, हे गरम इंजिनात झाकलं जातं. पोचल्यावर आधी हात लावून खातरजमा करा.

फेरेटचं खरं गुपित इंजिनात नाही, खालच्या यंत्रणेत आहे. साध्या चारचाकी गाडीत पुढे-मागे अॅक्सल असतात. फेरेटमध्ये मधल्या एकाच डिफरन्शिअलमधून (शक्ती दोन बाजूंना वाटून देणाऱ्या दात्यांच्या पेटीतून) डाव्या आणि उजव्या बाजूला शक्ती जाते, आणि प्रत्येक बाजूला पुढच्या व मागच्या चाकांकडे दांडे जातात. चारही कोपऱ्यांत बेव्हल बॉक्स, म्हणजे शक्ती चाकाकडे वळवणाऱ्या दात्यांच्या पेट्या, असतात. म्हणजे डावं पुढचं आणि डावं मागचं चाक एकमेकांना पक्कं बांधलेलं, दोघांचे फेरे सारखेच. वळणावर पुढच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हिशेब जुळतो. डांबरी रस्त्यावर ते घसरत नाही, आणि दांड्यांमध्ये पीळ साठत जातो. हा पीळ शेवटी बेव्हल बॉक्सचे दाते आणि जॉइंट खातो. एका बाजूचे दोन टायर वेगवेगळ्या झिजेचे असले तर सरळ रस्त्यावरही पीळ चढतो.

म्हणून टायर मोजून पाहा. ९.०० × १६ हा आकार. खडूने खूण करून दोरीने प्रत्येकाचा परीघ घ्या आणि पुढच्या-मागच्या जोडीची तुलना करा. मग बेव्हल बॉक्सच्या खाली हात फिरवा. तेलाचा ओलावा चालेल, थेंब पडत असतील तर किंमत कमी करून घ्या. शक्य असेल तर एकेक चाक उचलून हलवून पाहा आणि कट्‌कट्‌ आवाज ऐका.

आणखी काही गोष्टी तिथेच बघून घ्या. फरशीचे पत्रे उचलून तळाशी पाणी किंवा पेट्रोल साचलंय का. गाडीचं अंग बंद पेटीसारखं असल्यामुळे आत गेलेलं पाणी बाहेर जात नाही आणि ब्रेकच्या नळ्या आतून गंजतात. पाचही गिअर पुढे आणि पाचही मागे पडतात का, कारण दिशा बदलणारी पेटी वेगळी आहे आणि फेरेट मागेही तितक्याच वेगात पळू शकते. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या फ्लुइड कपलिंगच्या (क्लचऐवजी तेलातून शक्ती पोचवणाऱ्या जोडाच्या) सीलमधून तेल गळतंय का. ते बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं. हँडब्रेक घट्ट धरतो का. फ्लुइड कपलिंगमुळे गाडी गिअरमध्ये ठेवून उतारावर थांबत नाही, सगळी भिस्त हँडब्रेकवर. शेवटी चेसिसची पट्टी आणि कागदांवरचा नंबर जुळतो का. मूळच्या मार्क १ वर नंतर बुरूज बसवलेल्या गाड्या बाजारात आहेत. त्या वाईट नसतात, पण मार्क २ ची किंमत त्यांना देऊ नये.

एप्रिल २०२३: व्यवहार आणि मशिनगन

आम्ही घेतलेली मार्क २/३, म्हणजे मार्क २ चीच एक आवृत्ती, सोळा हजार पाचशे पौंडांना. सोबत बुरुजातली निकामी केलेली ब्राउनिंग मिळेल, असं जाहिरातीत म्हटलं होतं. तिचा दाखला २०१६ च्या आधीचा निघाला. इथे नियम नीट माहीत हवा. ८ एप्रिल २०१६ पासून शस्त्र निकामी करण्याचे निकष कडक झाले. जुन्या निकषांचं शस्त्र ज्याच्याकडे आहे तो ठेवू शकतो, पण नव्या निकषांनुसार काम करून घेतल्याशिवाय विकता किंवा भेटही देता येत नाही. नव्या निकषांचं असेल तरी हस्तांतराची सूचना गृहखात्याला द्यावी लागते. विकणाऱ्याने ‘कोण विचारतंय’ म्हटलं तरी ऐकू नका, असा व्यवहार गुन्हा आहे. आम्ही गाडी बंदुकीशिवाय घेतली आणि किंमत कमी करून घेतली. तोफ असलेली गाडी घेणार असाल तर मुख्य तोफ निकामी केल्याचा दाखला हातात पडल्याशिवाय अनामत रक्कमही देऊ नका.

पावतीवर चेसिस नंबर, लष्करी नोंदणी क्रमांक, इंजिन नंबर आणि दोन्ही पक्षांच्या सह्या घ्या. चौघांत गाडी असेल तर आपसातला करारही त्याच दिवशी करा. नोंदणीच्या कागदावर एकाचंच नाव येतं आणि तो कागद मालकीचा पुरावा नसतो. कोणी सोडून गेला तर त्याच्या हिश्श्याची किंमत कशी ठरेल, मोठ्या दुरुस्तीला किती जणांची संमती हवी, एवढं तरी लिहा.

लो-लोडरला ४८० पौंड लागले. साखळ्या बांधायला गाडीला मुळातच मजबूत कड्या आहेत; चाकांच्या दांड्यांना कोणी साखळी बांधू लागला तर थांबवा.

मे ते ऑगस्ट २०२३: शेडमधलं काम

शेतकऱ्याची शेड महिना ९० पौंडांनी मिळाली. जमीन काँक्रीटची असावी ही एक अट सोडू नका, मातीवर जॅक रुततो.

सगळ्यात आधी जिवाचं. फेरेटचं चाक दोन अर्ध्या रिमचं असतं, दोन्ही भाग नटांच्या एका गोल रांगेने जोडलेले. दुसरी रांग चाक गाडीला धरते. रिम जोडणाऱ्या नटांना लाल रंग देण्याची लष्कराची पद्धत आहे, पण वरून हिरवा रंग मारला गेला असला तर फरक कळत नाही. टायरमध्ये हवा असताना लाल नट सोडले तर रिम स्फोटासारखी फुटते, आणि समोरचा माणूस वाचत नाही. नियम असा ठेवा: पाना लावण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडायची, मग पुढचं. टायर बसवून हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवायचं. हे काम अवजड वाहनांच्या टायरवाल्याकडून करून घेतलं तरी त्याला लाल नटांची गोष्ट आपण होऊन सांगा.

चाक उचलतानाही पिळाची आठवण ठेवा. पीळ साठलेला असेल तर टेकवलेलं चाक जमिनीवरून सुटताक्षणी झटक्यात फिरतं. हात लांब. त्याआधी गाडी गवतावर थोडी पुढेमागे नेली की बराचसा पीळ निघून जातो.

जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि सायलेन्सरवरच्या गुंडाळीत अॅस्बेस्टॉस असू शकतो. हवेच्या झोताने धूळ उडवू नका. ओलं करा, मास्क लावा, पिशवीत बंद करा. अंधारात चमकणाऱ्या जुन्या डायलमध्ये रेडियम असू शकतं, ते कधी उघडायचे नाहीत. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडी घासपट्टी नको.

ब्रेकचे सिलिंडर, रबरी नळ्या आणि धातूच्या नळ्या आम्ही सरसकट बदलल्या. ब्रेक ऑइल कोणतं, हे त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघूनच भरा. त्या काळातल्या ब्रिटिश लष्करी गाड्यांमध्ये काहींना साधं ब्रेक ऑइल लागतं तर काहींना खनिज तेल, आणि चुकीचं भरलं की सगळे रबरी सील फुगून निकामी होतात. पेट्रोलची टाकी ९६ लिटरची. ती उतरवून धुतली तेव्हा तळातून गंजाचा गाळ निघाला. इंजिन वीस मिनिटं नीट चालून मग गुदमरत असेल तर बहुतेक वेळा कारण हाच गाळ असतो. सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं आहे आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. महागडं, ५ टक्केवालं पेट्रोल भरा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. लिटरला तीन किलोमीटरच्या आसपास जाते, तेव्हा इथेनॉलवर वाचवलेले पैसे तसेही कुठे दिसत नाहीत.

वीज २४ व्होल्टची, १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडून. स्पार्क प्लग आणि त्यांच्या तारा धातूच्या आवरणातल्या, रेडिओत खरखर येऊ नये म्हणून. मोटारीचे साधे प्लग बसत नाहीत, म्हणून जादा संच घेऊन ठेवा.

गिअरबॉक्स ही या गाडीतली शिकण्यासारखी गोष्ट. क्लच नाही. लिव्हरने पुढचा गिअर आधी निवडून ठेवायचा, आणि डाव्या पायाचं पेडल तळापर्यंत दाबून सोडलं की तो गिअर पडतो. आत बहुतेक गिअरांना ड्रमभोवती आवळणारा एकेक पट्टा आहे. पेडल अर्धवट दाबलं किंवा लिव्हर दोन खाचांच्या मध्ये राहिला तर कुठलाच पट्टा आवळला जात नाही, आणि आतली जाड स्प्रिंग पेडलला नेहमीच्या जागेपेक्षा बरंच बाहेर फेकते. तो तडाखा पायाच्या नडगीला किंवा गुडघ्याला बसतो. मग पेडल आत घालायला दोन्ही पाय लावून पाठ सीटला टेकवून रेटावं लागतं. म्हणून पाय पेडलवर ठेवायचा तो टाच उचलून, पूर्ण तळव्याने, आणि दाब मध्येच सोडायचा नाही. बराच काळ उभ्या असलेल्या गाडीत गिअर घसरत असतील तर लगेच गिअरबॉक्स उघडायची घाई करू नका. इंजिन सुरू ठेवून, गाडी न हलवता, एकेक गिअर निवडून पेडल पुन्हापुन्हा दाबा. पट्टे आपोआप आवळून घेण्याची सोय आत आहे, आणि थोड्या वेळात पकड परत येते. आमच्या गाडीचा दुसरा गिअर असाच सुधारला. या पेटीत पातळ तेलच लागतं. साध्या गिअरबॉक्सचं जाड तेल घातलं की पट्टे घसरतात.

ऑगस्टअखेर भागांवर २,३०० पौंड आणि चार टायरांवर ७६० पौंड खर्च झाला होता.

जून ते सप्टेंबर २०२३: नोंदणी

कागदांचं काम दुरुस्तीसोबतच चालवा. आमची गाडी सेनेतून निघाल्यापासून कधीच नागरी नंबरावर आलेली नव्हती. अशा वेळी व्ही ५५/५ हा फॉर्म लागतो, फी ५५ पौंड. सोबत ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, विम्याचा दाखला, फोटो आणि गाडी कोणत्या वर्षी बनली याचा पुरावा. चेसिसच्या पट्टीचा फोटो एकटा पुरत नाही. जुन्या लष्करी वाहनांच्या मालकांची मिलिटरी व्हेइकल ट्रस्ट ही संस्था १९६८ पासून आहे. अशा संस्थेकडून वयाचं पत्र मिळतं. त्यासाठी पट्टी, लष्करी क्रमांक आणि चारही बाजूंचे फोटो पाठवावे लागतात. पट्टीचा फोटो रंग काढून, खडू चोळून, तिरक्या उजेडात घ्या म्हणजे ठोकलेले आकडे वाचता येतात.

विम्यात एक पेच आहे. नंबर मिळायला विमा हवा आणि एक कंपनी म्हणे आधी नंबर आणा. जुन्या लष्करी गाड्यांचा विमा करणारे दलाल चेसिस नंबरावर विमा देतात, वर्षाला आम्हाला २१० पौंड पडले. किंमत ठरवून केलेला विमा घ्या, नाहीतर नुकसान झाल्यावर तिचं मोल कोणी कसंही करेल.

४० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ऐतिहासिक वाहनाचा वर्ग मिळतो. रस्ता कर शून्य, आणि गाडीत गेल्या ३० वर्षांत मोठे बदल झाले नसतील तर व्ही ११२ हे घोषणापत्र भरून वार्षिक तपासणीतूनही सूट. लंडनच्या प्रदूषण शुल्कातूनही हा वर्ग सुटतो. अर्जात कराचा वर्ग ठळक लिहा, कारण वजन साडेतीन टनांवर दिसलं की गाडी मालवाहूंमध्ये जाण्याची शक्यता असते. सूट मिळाली तरी आम्ही एका अवजड वाहनांच्या गॅरेजकडून ब्रेक आणि स्टिअरिंग तपासून घेतलं. साडेचार टनांची पोलादी गाडी थांबली नाही तर समोरच्याचं काही उरत नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात स्वान्सीला, वाहन नोंदणीच्या सरकारी कार्यालयात, अर्ज पाठवला. मध्ये एकदा आणखी फोटो मागवले गेले, तेही पाठवले. अर्जाच्या प्रत्येक पानाची प्रत ठेवली असेल तर असं उत्तर लगेच देता येतं. सप्टेंबरच्या शेवटी नोंदणीचं पुस्तक आलं, गाडीच्या वयाला साजेशा नंबरासह. १९८० च्या आधीच्या ऐतिहासिक गाड्यांना काळ्या पाटीवर चंदेरी आकडे चालतात.

ऑक्टोबर २०२३ आणि पुढे

रस्त्यावर चालकाला दिसतं फारच कमी: समोरची खिडकी आणि बाजूचे झरोके, बस. बुरुजातला माणूस हेच त्याचे डोळे. मागून येणाऱ्या सायकली, डावीकडचा फुटपाथ, चौकातला उजवा रस्ता हे त्याने बोलून सांगायचं. इंजिनाच्या आवाजात ओरडून भागत नाही, इंटरकॉम असलेले हेडसेट घ्या आणि ‘थांब’ला एकच शब्द ठरवा. आरसे दोन्ही बाजूंना मोठे लावा. सुरू करण्याआधी वरची झाकणं उघडून आत पेट्रोलचा वास येतो का पाहा, आणि आग विझवायचं नळकांडं चालकाच्या हाताला लागेल असं ठेवा.

प्रत्येक फेरीनंतर चारही बेव्हल बॉक्सना आणि हबना हात लावून बघायचा. तीन कोमट आणि एक चटका देणारा असला, तर तिथलं तेल किंवा बेअरिंग बघितल्याशिवाय गाडी पुन्हा काढायची नाही. लांबच्या डांबरी रस्त्यावर मधूनमधून गवताळ कडेला चाकं घ्या, पीळ सुटतो. मेळावा शंभर मैलांवर असेल तर सरळ लो-लोडर करा, यंत्रणेची झीज त्याच्या भाड्यापेक्षा महाग पडते.

फ्रान्समध्ये नॉर्मंडीला दुसऱ्या महायुद्धाच्या स्मरणार्थ होणाऱ्या जूनच्या सोहळ्याला न्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, कायद्याच्या नजरेत फेरेट अजूनही लष्करी सामान आहे. काही दिवसांसाठी देशाबाहेर न्यायलाही निर्यात परवाना लागतो. ऐतिहासिक लष्करी सामानासाठी सर्वसाधारण परवान्याची सोय आहे. तिच्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं आणि अटींत आपली गाडी बसते का ते तपासावं लागतं. जाण्याच्या तीन महिने आधी सुरुवात करा, आणि फेरीबोटीच्या कंपनीला बुकिंग करतानाच वजन आणि गाडीचा प्रकार लेखी कळवा.